लेकीच्या मुक्कामी : जपानमधली टिपणे

एदोगावा हा टोकियोचा पूर्वेकडचा विभाग. त्यातलं निशी-कासाई म्हणजे इथल्या भारतीयांचं गाव. 2000 सालाच्या तोंडावर संगणकांतल्या ‘वाय-टू-के’च्या कामासाठी आपले अभियंते आले, तोझाई लाईनने ऑफिस जवळ पडतं म्हणून इथे राहिले आणि रुजले. या विभागाच्या सभागृहावर 2019 साली योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ निवडून आले. माझी लेक आणि जावई इथेच राहतात. मी अंबाजोगाईची, केज आणि धारूर तालुक्यांतल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत माझी नोकरी झाली. रोजचं टिपून ठेवायची सवय तेव्हापासूनची. इथे आल्यावर वहीत उतरलेलं थोडं इथे देते.

*

घरात शिरताना दाराशी एक खोलगट चौक असतो. चपला तिथे काढायच्या आणि पायरी चढून आत यायचं. काढलेल्या चपलांची टोकं दाराकडे वळवून ठेवतात, म्हणजे निघताना पाय सरळ आत सरकतो. शेजारच्या आजीबाईंकडे चहाला गेलो की आम्ही आत बसेपर्यंत त्या दाराशी वाकून सगळ्यांचे जोडे वळवून आलेल्या असतात. वय ऐंशीच्या पुढे. मी त्यांचा हात धरायला गेले, तर हसून त्यांनी माझाच हात बाजूला केला.

*

नातू विभागाच्या सरकारी शाळेत तिसरीत आहे. वर्ष सुरू होताना शाळेतून चिठ्ठी आली: फरशी पुसायची दोन फडकी शिवून द्यावीत. जुना टॉवेल दुहेरी घडी घालून, कडेने आणि मधून टाके मारलेलं फडकं. ती फडकी मी शिवली, म्हणून पालकांना बोलावलं त्या दिवशी मुद्दाम पाहायला गेले. जेवणं झाल्यावर बाकं मागे सरकली. मुलांनी फडकी जमिनीवर टेकवली, दोन्ही तळवे त्यावर दाबले, कंबर वर, आणि धावत वर्गाच्या या टोकाकडून त्या टोकाला. दहा मिनिटांत फरशी लखलखीत. वाढपही मुलांचंच. पांढरा अंगरखा, टोपी, तोंडाला मास्क. आठवड्याच्या शेवटी तो अंगरखा धुवायला घरी येतो आणि सोमवारी घडी करून पुढच्या गटाच्या हवाली करायचा असतो.

माझी नजर खिळली ती फळ्याशेजारच्या पुठ्ठ्याच्या चाकांवर. एकावर एक अशी दोन चाकं, मधोमध टाचणी. बाहेरच्या चाकावर कामं: वर्ग, जिना, हात धुण्याची जागा, संडास. आतल्या चाकावर गट. दर आठवड्याला आतलं चाक एक घर पुढे सरकतं.

आपल्याकडेही मुलं शाळा झाडतात. पण झाडू कुणाच्या हाती दिला जातो, संडासात पाणी ओतायला कुणाला पाठवतात, हे माझ्या पिढीच्या प्रत्येक शिक्षकाने पाहिलं आहे. बहुतेकदा मुली, आणि ठरावीक वस्तीतली मुलं. त्या पुठ्ठ्याच्या चाकात गुरुजींच्या मर्जीला जागा नाही, आणि मुलाच्या आडनावालाही नाही. त्याला खर्च एका पुठ्ठ्याचा आणि एका टाचणीचा. आमच्या जिल्ह्यातल्या कुठल्याही शाळेत ते उद्या लागू शकतं.

*

‘तोत्तोचान’ हे पुस्तक चेतना सरदेशमुख गोसावी यांच्या अनुवादातून आम्हा शिक्षकांपर्यंत पोहोचलं. त्यातली आगगाडीच्या डब्यांत भरणारी तोमोए शाळा जियुगाओका भागात होती. 1945 च्या बॉम्बवर्षावात जळाली. तिथे जाऊन आले. आता त्या जागी दुकानांची इमारत आहे. डबे नाहीत, झाडं नाहीत. तरी बरं वाटलं. ज्या पुस्तकाने आमच्या कितीतरी शिक्षकांना मुलांपुढे गप्प बसून ऐकायला शिकवलं, त्याची जमीन पायाखाली आली.

*

जपानची पहिली रेल्वे 1872 ची, शिंबाशी ते योकोहामा. बोरीबंदर-ठाणे त्याच्या 19 वर्षं आधीची. आणि बीड शहरातून पहिली प्रवासी गाडी अहिल्यानगरकडे सुटली ती 17 सप्टेंबर 2025 ला. परळीला निजामाच्या काळापासून गाडी होती. जिल्ह्याच्या ठिकाणाला मात्र 1995 साली मंजूर झालेल्या मार्गासाठी तीस वर्षं थांबावं लागलं. इथे फलाटावर उभं राहिलं की हा हिशेब आपोआप मनात येतो आणि वाईट वाटतं.

*

आता पाण्याचं. जपानला येणारी माणसं फुजी पाहतात, चेरीचा बहर पाहतात. मी जावयाच्या मागे लागून कावासाकीतलं कुजी पाहायला गेले. मिझोनोकुची स्टेशनापासून चालत जाता येतं. घरांच्या गर्दीत, रस्त्याच्या कडेला काँक्रीटचं एक गोल बांधकाम. फार कुणी थांबत नाही. मी बराच वेळ कठड्याला धरून उभी होते.

तामा नदीचं पाणी शेतांना देणारा हा निकार्यो कालवा सतराव्या शतकाच्या सुरुवातीला पुरा झाला. कुजीपाशी त्याच्या चार शाखा फुटतात. पूर्वी इथे लाकडी पेटी होती, तिच्या फटींतून पाणी वाटलं जायचं. फटींची रुंदी मोजून ठरवलेली. पण मधल्या फटीतून पाणी जोरात धावतं आणि कडेच्या फटीतून मंद, त्यामुळे वाटा कागदावर बरोबर आणि शिवारात चूक. भांडणं ठरलेली. 1821 साली दुष्काळ पडला तेव्हा वरच्या गावाने पाणी अडवलं आणि खालच्या गावांचे लोक जमाव करून चालून आले, घरं फोडली. त्या दंग्याची नोंद इथल्या इतिहासात आहे.

यावरचा तोडगा 1941 साली एइजी हिरागा या अभियंत्याने काढला. कालव्याचं पाणी आधी मध्ये आडव्या येणाऱ्या दुसऱ्या नदीच्या तळाखालून नळाने पलीकडे नेलं. तिथे ते एका गोल हौदाच्या मधोमध खालून वर उसळतं. वर येताना त्याचा वेग मरतो आणि हौदाच्या काठावरून ते चहूबाजूंनी सारखंच सांडतं. बाहेरच्या कड्याला भिंती घालून चार भाग पाडले आहेत. ज्या शाखेखाली जितकं शेत, तितका काठ तिच्या वाट्याला. सगळ्यात मोठ्या शाखेला काठाचे अडतीस मीटर आणि सगळ्यात लहान शाखेला दोन मीटरसुद्धा नाहीत. पाणी कमी आलं तर चौघांचंही त्याच प्रमाणात कमी होतं. दरवाजा नाही, किल्ली नाही, चौकीदार नाही. कुणाला शंका आली तर त्याने येऊन बघावं, दोरी लावून काठ मोजावा.

मराठवाड्याच्या माणसाने हे पाहताना त्याच्या मनात जायकवाडी येणारच. आमच्याकडे पैठणचा उजवा कालवा माजलगावच्या धरणापर्यंत येतो. गेवराई-माजलगावचं पुष्कळ शिवार त्या पाण्याच्या भरवशावर आहे. वरच्या धरणांतलं पाणी खाली किती सोडायचं, याचा कायदा 2005 साली झाला. त्यात समन्यायी वाटप हा शब्द आहे. तरी पाऊस कमी झाला की बैठका, मोर्चे, कोर्ट, आणि सोडलेल्या पाण्यातलं वाटेत किती मुरलं यावर वाद. कुजीच्या हौदाने धरणांचा प्रश्न सुटणार नाही, एवढं मलाही कळतं. पण गावातल्या चारीवर, पाणी वापर संस्थेच्या पातळीवर वाटा डोळ्यांना दिसेल असं बांधकाम करता येतं, आणि वाटा दिसला की निम्मं भांडण मिटतं, असं माझं ठाम मत झालं आहे. आमच्या पूर्वजांना हे परकं नव्हतं. बीडजवळची निजामशाहीच्या काळातली खजाना विहीर मोटेशिवाय, नुसत्या उतारावर पाणी शेतांपर्यंत पोहोचवत आली आहे. इकडे कुजीखालची बहुतेक शेतं शहराने गिळली, तरी हौद चालू आहे. 1998 साली त्याची सांस्कृतिक वारसा म्हणून नोंद झाली.

*

असाकुसाजवळ सुमिदा नदीच्या काठी मात्सुचियामा शोदेन नावाचं देऊळ आहे. तिथला देव गजमुख. इथे त्याला कांगितेन म्हणतात. मूर्ती कुणालाही दाखवत नाहीत, कायम बंद. नैवेद्य मुळ्याचा. पांढरा, हातभर लांब, पाल्यासकट. देवळातच विकत मिळतो. तो वाहायचा आणि हात जोडायचे. 7 जानेवारीला मुळ्याचा उत्सव असतो, उकडलेला मुळा प्रसाद म्हणून वाटतात. मीही मुळा वाहिला. मोदकाची सोय क्योतोमध्ये आहे: तिथलं चार शतकांचं जुनं मिठाईचं दुकान याच देवासाठी तिळाच्या तेलात तळलेला, वर चुण्या घातलेला, आत लाल डाळीचं आणि मसाल्याचं पुरण भरलेला पदार्थ करतं. बौद्ध भिक्षूंबरोबर चीनमार्गे इतक्या लांब आलेल्या त्या चुण्या मी बोटांनी मोजल्या.

*

1 सप्टेंबर. 1923 साली याच तारखेला टोकियो-योकोहामा भूकंपाने आणि आगीने उद्ध्वस्त झाली. 1960 पासून हा दिवस देशभर आपत्तीच्या सरावाचा आहे. नातवाच्या खुर्चीवर एक गादी असते. ती उलगडून डोक्यावर घातली की कानांपर्यंत टोपरं होतं. घंटा झाली, मुलं टोपरी घालून बाकाखाली शिरली, मग रांगेने मैदानात. त्यानंतरचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटला. पालकांनी शाळेत जाऊन, कार्डावरचं नाव दाखवून, शिक्षकांच्या समोर आपलं मूल ताब्यात घ्यायचं. ज्याचं नाव कार्डावर नाही त्याला मूल देत नाहीत. माझं नाव लेकीने आधीच लिहून ठेवलं होतं.

मी नातवाचा हात धरून परतले आणि घरी येऊन बसले, ती बराच वेळ उठले नाही. 30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून माणसं दमून झोपलेली, आणि पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप. अंबाजोगाईत आम्ही अंगणात पळालो होतो. भांडी पडल्याचा आवाज अजून कानात आहे. तिकडे दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदं अंगावर आली. जवळपास दहा हजार माणसं गेली. आपल्या शाळांत 30 सप्टेंबरला काय होतं? मी नोकरीत होते तेव्हाही श्रद्धांजलीच्या पलीकडे काही होत नसे. बाकाखाली शिरायचा सराव व्हायला हवा, दरवर्षी, त्याच तारखेला.

*

सोबा म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या शेवया. जिथे भात होत नाही अशा डोंगराळ, हलक्या जमिनीतलं हे पीक. पेरल्यापासून अडीच महिन्यांत हाती येतं. खाऊन झालं की ज्या पाण्यात शेवया शिजवल्या ते गरम पाणी छोट्या किटलीतून आणून देतात. उरलेल्या रश्शात ते ओतून प्यायचं. काही वाया जात नाही. कोरडवाहू मुलखातल्या बाईला ही रीत सांगावी लागत नाही.

ज्वारीही आहे इथे. उत्तरेकडे इवाते प्रांताच्या डोंगरात होते, तांबूस दाण्याची. भातात मूठभर घालून शिजवतात. मी दळून भाकरी केली. पीठ चिकट, थापताना कड फुटेना, मला आनंद झाला. तव्यावर मात्र ती फुगली नाही. दगडी ज्वारीचं पीठ लेक येताना गावाहून आणते, तेच खरं.

*

कोयासान. वाकायामा प्रांतातला डोंगर, शिंगोन बौद्धांचं पीठ. नवव्या शतकात कूकाई यांनी वसवलेलं. महाराष्ट्र शासनाचा वाकायामाशी 2013 साली करार झाला आणि 2015 च्या सप्टेंबरात कोयासान विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा उभा राहिला. अनावरण मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते. मराठवाड्यातून येणाऱ्याने या पुतळ्यापाशी थांबल्याशिवाय डोंगर उतरू नये. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराची वर्षं आम्ही शाळेच्या खोलीत बसून पाहिली आहेत. कुणाचं घर जळालं, कुणाची मुलं महिनाभर वर्गात आली नाहीत, ते माहीत आहे.

आणि जपानलाही हा विषय नवा नाही. चामड्याचं, मृतांचं, कत्तलीचं काम करणाऱ्यांना इथेही वस्तीबाहेर ठेवलं. त्यांना बुराकूमिन म्हणत. त्यांची समता चळवळ, सुइहेइशा, 1922 च्या मार्चमध्ये क्योतोत स्थापन झाली. आमच्याकडे महाडचा सत्याग्रह 1927 चा. बुराकू भेदभाव संपवण्यासाठीचा कायदा 2016 साली करावा लागला, यावरून दुखणं किती चिवट आहे ते समजावं. आंबेडकरांचा पुतळा इथे पाहुणा म्हणून नाही, कामाला आलेला आहे.

त्याच डोंगरावर ओकुनोइनचं स्मशान. उंच झाडांखाली दोन लाखांवर समाध्या. पाच दगडांची रचना: खाली चौकोन, वर गोल, मग छप्पर, अर्धचंद्र, टोकाला थेंब. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश. प्रत्येकावर सिद्धम् लिपीतलं एक अक्षर. शेवाळ बाजूला करून पाहिलं तर खालच्या दगडावरचा ‘अ’ ओळखता येतो. आयुष्यभर फळ्यावर अ काढला. इथे तो दगडावर कोरलेला पाहून गळा दाटला.

*

लेक-जावयाला पहिलं घर मिळायला फार त्रास झाला. पगार, नोकरी, सगळं नीट. तरी एका घरमालकाने परदेशी माणूस नको म्हणून सांगितलं, दुसऱ्याने एजंटाकडून कळवलं. हे त्यांच्यापुरतं नाही. इथल्या न्याय मंत्रालयाने 2017 साली जाहीर केलेल्या पाहणीत, घर शोधणाऱ्या परदेशी लोकांपैकी सुमारे 40 टक्के जणांनी परदेशी म्हणून नकार मिळाल्याचं सांगितलं. ज्या देशाने स्वतःच हे मोजलं आणि छापलं, त्याला मी कमी लेखत नाही. पण पाहुणचार वेगळा आणि शेजार वेगळा, हे इथे राहायला आलेल्या प्रत्येकाने जाणून असावं. पुण्याला शिकायला गेलेल्या आमच्या पोरांना खोली देताना आडनाव विचारतात, तेही याच वहीत लिहून ठेवते.

*

शिकोकू बेटावर इया खोऱ्यात नागोरो नावाचं गाव आहे. माणसं उरली पंचवीस-तीस. त्सुकिमी आयानो या बाई वडिलांना पाहायला परत आल्या आणि कापडाची, पेंढ्याची माणसाएवढी बुजगावणी करू लागल्या. बसथांब्यावर, शेताच्या बांधावर, ओसरीवर ती बसलेली आहेत. शाळा 2012 साली शेवटची दोन मुलं बाहेर पडल्यावर बंद झाली. वर्गात आता बाहुल्याच आहेत, फळ्यासमोर बाईही बाहुलीच. देशभर 2023 च्या पाहणीत 90 लाख घरं रिकामी निघाली. आमच्या जिल्ह्यात घरं रिकामी पडतात दिवाळीपासून गुढीपाडव्यापर्यंत. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी ऊसतोडीसाठी ट्रॅक्टरमध्ये बसतात, साखर कारखान्याच्या फडात कोपी करून राहतात. मागे म्हातारी माणसं आणि बंद दारं. जपानच्या गावात मुलंच नाहीत म्हणून वर्ग रिकामा आहे. आमच्या गावात मुलं आहेत. ती उसाच्या फडात वाढं गोळा करताहेत, धाकट्या भावंडाला सांभाळताहेत. हा फरक फार मोठा आहे, आणि तो आमच्या हातातला आहे.

*

इथे शाळेची सक्ती जपानी मुलांना आहे. परदेशी मुलांना नाही. त्यांना प्रवेश मिळतो, पुस्तकं फुकट मिळतात, पण पालकांनी घातलंच नाही तर कुणी जाब विचारत नव्हतं. कारखान्यांत कामाला आलेल्या ब्राझिली, फिलिपिनो, व्हिएतनामी कुटुंबांची मुलं अशीच निसटत होती. 2019 साली शिक्षण मंत्रालयाने पहिल्यांदा देशभर मोजणी केली. सुमारे 19 हजार मुलं शाळेत नसण्याची शक्यता दिसली. मोठा गवगवा झाला. नगरपालिकांनी पत्रं पाठवली, दारोदार माणसं गेली. पुढच्या काही वर्षांत तो आकडा निम्म्याहून खाली आला. मोजल्यावरच पोर सापडतं.

माझ्या हजेरीपटावर दिवाळीनंतर गैरहजेरीचे फुगे सुरू व्हायचे ते उन्हाळ्यापर्यंत. कोणता मुलगा कोणत्या कारखान्याच्या फडावर आहे, हे गावात सगळ्यांना ठाऊक असायचं, फक्त नोंद कुठे नसायची. आता सोयी आहेत. गावातच राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह आहे; आजीकडे झोपायचं आणि जेवण शाळेत. संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहं निघाली आहेत. ज्यांना आईबापांबरोबर जावंच लागतं त्यांच्यासाठी शिक्षण हमी पत्रक आहे. ते दाखवलं की फडाजवळच्या शाळेत बसवून घ्यावंच लागतं.

बीड, केज, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूरकडचे जे कुणी हे वाचत असतील त्यांना एक विनंती. ऑक्टोबर संपायच्या आत आपल्या गावच्या शाळेत जा आणि मुख्याध्यापकांना दोन गोष्टी विचारा: हंगामी वसतिगृहासाठी मुलांची यादी पाठवली का, आणि टोळीबरोबर निघालेल्या प्रत्येक मुलाच्या हातात हमी पत्रक दिलं का. नसेल तर तिथे बसून यादी करायला मदत करा. ट्रॅक्टर निघाल्यावर उपयोग नाही.